बंद पडलेल्या टॉकीजची वही कशी करावी

तुमच्या गावची टॉकीज बंद पडली असेल, तिथे आता सोयाबीनचं गोदाम किंवा लग्नाचा हॉल झाला असेल, आणि हे सगळं कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे असं तुम्हाला वाटत असेल, तर ते काम तुमच्यावरच आलं असं समजा. बाहेरून कुणी येणार नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या पट्ट्यातल्या एका गावी झेरॉक्स आणि स्कॅनिंगचं दुकान चालवते. माझे बाबा आमच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. त्या टॉकीजची मी एक वही केली. वही म्हणजे खरोखरची दोनशेपानी, पुठ्ठ्याच्या कव्हरची, सोबत एक फाइल आणि एक पेनड्राइव्ह. ती दुकानात ठेवलेली असते म्हणून आजूबाजूच्या गावांतले लोक चाळतात आणि विचारतात, ताई, आमच्याकडची कशी करावी? प्रत्येकाला काउंटरवर उभं राहून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

पहिलं सांगणं हे की लोकांना पिक्चरबद्दल विचारू नका. पिक्चर कुठे गेले नाहीत, नातवाच्या मोबाइलमध्ये आहेत. गेलं ते आपल्या गावचं. तिकिटाची खिडकी किती उंचीवर होती, बैलगाड्या कुठे सोडायचे, लेडीजचं दार कोणत्या बाजूला होतं, शो सुटल्यावर कंदील कोण धरायचं, हे कुठल्याच मोबाइलमध्ये सापडणार नाही. "तुमच्या टॉकीजच्या आठवणी सांगा" असं म्हटलं की माणूस नटांची नावं घेतो, दोन गाणी म्हणतो आणि "ते दिवस गेले आता" म्हणून चहा मागवतो. चहा प्या, पण वहीत लिहायला काही मिळत नाही.

आधी कुणाकडे जायचं

टॉकीजमध्ये ज्यांनी काम केलं त्यांच्याकडे आधी जा, आणि त्यांच्यातही सगळ्यात वयस्कर माणसाकडे. ऑपरेटर, गेटकीपर, बुकिंगवरचा माणूस, झाडणारी बाई, सायकल स्टँडवाला, रिक्षात किंवा टांग्यात भोंगा बांधून फिरणारा, बोर्ड रंगवणारा पेंटर, इंटरव्हलला फल्ली आणि आलूबोंडे विकणारे. प्रेक्षकाला एखादाच शो आठवतो, कामवाल्याला रोजचा क्रम आठवतो. आमच्या गेटवरच्या काकांना नटनट्यांची नावं विचारली तर गोंधळ होतो, पण कोणत्या दाराची कडी सैल होती आणि पोट्टे कुठून फुकट घुसायचे हे ते आजही जमिनीवर काडीने रेघा ओढून दाखवतात.

ती काडीची रेघ फार कामाची. प्रत्येकाला एक कोरा कागद द्या आणि टॉकीजचा नकाशा काढायला सांगा. पडदा कुठे, बाल्कनीचा जिना कुठे, पाण्याचा रांजण कुठे. ज्यांना लिहिता येत नाही तेसुद्धा नकाशा काढतात, तोही उत्साहाने. दोघांचे नकाशे जुळले नाहीत तर खुशाल दोन्ही ठेवा. आमच्याकडे एकाच्या नकाशात लेडीजचं दार उत्तरेला आहे आणि दुसऱ्याच्या नकाशात पूर्वेला. पुढे कळलं की मध्ये एकदा दार बदललं होतं.

मालकाच्या घरी सगळ्यात शेवटी जा. मालक वाईट असतात असं नाही. पण बहुतेक टॉकीजच्या जागेवरून भाऊबंदकीत काही ना काही चालू असतं, आणि तुम्ही पहिल्याच दिवशी "जुने कागद आहेत का" म्हणून गेलात तर कोणत्या तरी भावाने पाठवलंय असा संशय येतो. गावातून चार लोकांचं बोलणं जमा झालं, वहीची दहा-वीस पानं भरली, की ती वही घेऊन जा. आपल्या वडिलांबद्दल गेटकीपर काय म्हणाला हे वाचलं की माणूस स्वतःच कपाट उघडतो.

बसायचं कसं, विचारायचं काय

दुपारचं जेवण झाल्यावर, चारच्या आत जा. मोबाइल विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन बोलण्यात फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. पंखा बंद करायला सांगा. विदर्भात एप्रिल-मेमध्ये हे सांगणं क्रूरपणाचं आहे, म्हणून हे काम दिवाळी ते होळी या काळात उरका. कूलरसमोर घेतलेलं रेकॉर्डिंग फेकून द्यायच्या लायकीचं असतं. मोबाइल टेबलावर ठेवू नका, दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे कपबशीचा आवाज कमी येतो. सुरुवातीला तुमचं नाव, त्यांचं नाव, गाव आणि तारीख मोठ्याने म्हणा. "हे मी वहीत लिहू का, लोकांना वाचायला देऊ का" हे विचारा आणि त्यांचं "हो" रेकॉर्ड होऊ द्या. नंतर कुणी नको म्हणालं तर ते पान काढा, वाद घालू नका.

प्रश्न साधे, हाताला लागतील असे ठेवा. तिकिटाचे पैसे कुणाकडून मिळायचे? सोबत कोण असायचं? कोणत्या खिडकीवर उभं राहायचे? बसायचे कुठे? तहान लागली तर? लघवीला कुठे? घरी परत कसे गेले, पायी, सायकलवर, की छकड्यात? घरच्यांना काय सांगून निघाले होते? या शेवटच्या प्रश्नावर हमखास हसू फुटतं आणि तिथून माणूस मोकळा होतो.

बायकांना वेगळं भेटा. घरातले पुरुष बाजूला बसले असतील तर त्या "आम्ही कुठं जात होतो बाप्पा पिक्चरले" एवढंच म्हणतात. एकट्या असल्या की वेगळंच निघतं. आमच्या आळीतल्या एका आजीने मला सांगितलं, "पिक्चर कोन पाह्यत होतं माय, आमी तं पंख्याखाली बसाले जात होतो. घरी पंखा कोठी होता?" तीन तास कुणी हाक मारणार नाही, कुणी पाणी मागणार नाही, आणि वरून वारा. याच्यासाठी ती कापूस वेचणीचे पैसे बाजूला काढायची. तिला पिक्चरचं नाव आठवत नाही. कोणत्या रांगेत कोणत्या पंख्याखाली बसायची ते पक्कं आठवतं, आणि लेकराला पुढच्या दोन बाकांच्या पायांमध्ये लुगड्याची झोळी बांधून कसं निजवायची ते तिने मला पदर सोडून दाखवलं. गाठ कुठे मारायची, लेकरू हललं तर पायाच्या अंगठ्याने झोका कसा द्यायचा, आणि डोळे पडद्यावर. असं काही दाखवलं तर फोटो मागा, व्हिडिओ मागा. शब्दांत ते अर्धंच येतं.

कोण कुठे बसायचं हेही विचारा, अगदी थेट. जमिनीवरचं तिकीट, बाक, खुर्ची, बाल्कनी असे वर्ग होते आणि गावातली उतरंड त्यात दिसते, पण जशीच्या तशी दिसत नाही. वस्तीतल्या एका आजोबांचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर घेतलं: "गावच्या इहिरीवर आमाले पोहरा सोडू देत नोते. अथी पैसे टाकले का खुर्ची आपली." असं काही निघालं तर मध्ये बोलू नका, मान हलवून समजूत काढू नका. ऐका आणि जसं म्हटलं तसं लिहा. भाषा सुधारू नका. वऱ्हाडी बोललेलं पुस्तकी केलंत तर आजोबा स्वतःला ओळखणार नाहीत.

साल कसं काढायचं

म्हाताऱ्या माणसांना साल विचारणं फुकट आहे. दर विचारा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. कुणी "चार आने तिकीट" म्हटलं तर काहीच सिद्ध होत नाही, कारण पंचवीस पैशांना लोक पुढेही कितीतरी वर्षं चार आणेच म्हणत होते. पण "साडेतीन आने" किंवा "पाच आने" म्हणाले की कान टवकारा. हे नव्या पैशांत नीट बसत नाही, म्हणजे ती आठवण १९५७ च्या आगेमागेची असण्याची शक्यता जास्त.

बाकी खुणा प्रत्येक गावात असतात. १९७२ चा दुष्काळ कुणी विसरलेलं नाही. दुष्काळाच्या आधी की नंतर, हे विचारा. बांगलादेशची लढाई म्हणजे १९७१. इंदिराबाई गेल्या ते १९८४. कापसाच्या पट्ट्यात आणखी एक खूण आहे. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि चुकाऱ्याचे, म्हणजे विकलेल्या कापसाचे, पैसे केव्हा हातात येतात यावर गावातली सगळी खरेदी ठरू लागली. चुकारा झाला की टॉकीज भरायची, अडकला की बाल्कनी रिकामी. बाबा सांगायचे, भोंगा फिरवायचा की नाही हे शेठ जिनिंगवरच्या माणसाला विचारून ठरवत. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मात्र विचारायची गरज नव्हती.

एक जागा फसवी आहे. पिक्चरच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, त्यावर साल असतं, रिळांची संख्या आणि लांबी असते. ते साल पिक्चरचं, तुमच्या गावातल्या खेळाचं नव्हे. आमच्यासारख्या गावी प्रिंट यायची ती नागपूर, अमरावती, अकोला फिरून, झिजून. पडद्यावर उभ्या रेघा पडायच्या, त्याला सगळे "पाऊस पडतो" म्हणायचे. दोन-दोन वर्षं जुना पिक्चर आमच्याकडे "नवीन" म्हणून लागायचा आणि कुणाची तक्रार नसायची.

मशीनचं पान

मशीन चालवणारा माणूस जिवंत असेल तर त्याला वेगळी दुपार द्या. बाबांकडून मी हे पान त्यांच्या शेवटच्या वर्षांत लिहून घेतलं, आणि वहीतलं सगळ्यात जाड प्रकरण तेच झालं.

३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने पळते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. तीन तासांच्या पिक्चरला सोळा हजार फुटांहून जास्त फिल्म लागते, आणि ती पत्र्याच्या पेट्यांतून गावात यायची. सी. पी. बेरार, म्हणजे जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड, या नावाचं जे पिक्चर वितरणाचं क्षेत्र होतं, त्याची कचेऱ्यांची पेठ अमरावतीत होती. वितरक आणि टॉकीजवाल्यांची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, भुसावळची. आमच्या पेट्या मूर्तिजापूरवरून शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीने यायच्या, पुढे एसटीच्या टपावर येऊ लागल्या. पेटीबरोबर कंपनीचा रिप्रेझेंटेटिव्ह यायचा, तो खिडकीवरच्या तिकिटांचे नंबर टिपायचा आणि रोजच्या गल्ल्याचा तक्ता, म्हणजे डीसीआर, भरायचा. तुमच्याकडे असा माणूस कुठे उतरायचा, जेवायचा कुणाकडे, ते विचारा. गावातल्या बऱ्याच भानगडी त्या जेवणाशी जोडलेल्या निघतात.

उजेड कार्बनचा. दोन कांड्या, एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह, टोकं जवळ आणली की मध्ये पांढराशुभ्र जाळ पेटतो. कांड्या जळून आखूड होतात, म्हणून त्यांच्यातलं अंतर सतत सांभाळावं लागतं. जाळाकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही, काळ्या काचेतून. बाबा केबिनमध्ये स्टुलावर बसत नसत. एक हात कार्बनच्या चकतीवर, नजर छोट्या खिडकीतून पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर. तिथे क्षणभर एक ठिपका येतो. ठिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका, की तिकडची झडप उघडायची आणि इकडची बंद. खाली बसलेल्याला काहीच कळू द्यायचं नाही, ही त्यांची शान. मी त्यांच्यासोबत घरी टीव्हीवर जुना पिक्चर पाहायची तेव्हा ठिपका दिसला की त्यांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर आपोआप उचलला जायचा.

ऑपरेटरकडून विचारून घ्यायच्या गोष्टी: मशीन एक होतं की दोन (एकच असेल तर रीळ बदलेपर्यंत अंधार आणि शिट्ट्या), कार्बन जाऊन झेनॉन दिवा कधी आला, लाइट गेली तर जनरेटर होतं का, फिल्म तुटली तर जोड कसा लावत, धूर बाहेर काढायची नळी छताच्या कोणत्या बाजूला होती. ती नळी अजून छतावर असण्याची शक्यता आहे. आमची आहे; वरून कबुतरांनी बुजवलेली.

मशीन अजून जागेवर असेल तर हलवायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, विशेषतः पितळी पाटीचा, जिच्यावर कंपनी, मॉडेल आणि नंबर असतो. फोटोफोन, वेस्ट्रेक्स ही नावं आपल्याकडे बऱ्याच पाट्यांवर दिसतात. भंगारवाला वजनावर नेतो आणि मालकाला ते वजनच दिसतं. अख्खं मशीन वाचवणं जमणार नसेल तर भिंग, पाटी, एक रिकामं रीळ आणि पत्र्याची एक पेटी मागून घ्या. ऑपरेटरला सोबत न्या, कोणता भाग काय करतो ते त्याच्या तोंडून रेकॉर्ड करा आणि भागांवर पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या दोऱ्याने बांधा.

फिल्म सापडली तर

थांबा, गुंडाळी उलगडू नका. फिल्मच्या कडेला बारीक अक्षरांत इंग्रजीत "सेफ्टी" असं छापलंय का ते भिंगाने बघा. असेल तर ती साधी फिल्म आहे. नसेल आणि फिल्म १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल तर ती नायट्रेटची असू शकते. नायट्रेटची फिल्म भयंकर पेट घेते, तिला स्वतःतूनच ऑक्सिजन मिळतो म्हणून पाणी टाकूनही विझत नाही. काडी लावून "बघू पेटते का" असला प्रयोग कुणाला करू देऊ नका. घरात ठेवू नका, उन्हात तर मुळीच नको. सावलीच्या, माणसांपासून दूरच्या थंड जागी ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. ते १९६४ मध्ये सुरू झालं आणि २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे.

सेफ्टी फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती कुजायला लागली आहे आणि शेजारच्या फिल्मलाही ती बाधा लागते. वेगळी करा, डबा घट्ट बंद ठेवू नका.

बहुतेकांना मिळतील ते सुटे तुकडे. ऑपरेटरने जोड लावताना कापलेल्या पाच-सात चौकटी पोट्टे खाली झेलायला उभे असत. उडालेल्या बल्बचं बूड फोडून, आतली तार काढून, त्यात पाणी भरायचं, तो झाला भिंग. बाहेर आरसा धरून उन्हाचा कवडसा खिडकीच्या फटीतून आत घ्यायचा, मध्ये फिल्मचा तुकडा उलटा धरायचा, आणि भिंतीवर माणूस उमटला की सगळ्यांनी ओरडायचं. आजही साठीच्या पुढच्या माणसांच्या ट्रंकेत काडेपेटीत ठेवलेले हे तुकडे सापडतात. कडेला धरून उचला, पांढऱ्या स्क्रीनच्या मोबाइलवर ठेवून दुसऱ्या मोबाइलने फोटो घ्या.

कागद

इथे माझ्या धंद्याचं थोडं. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका. लोक माझ्याकडे प्रेमाने आजोबांचं तिकीट घेऊन येतात आणि लॅमिनेट करून मागतात. मी पैसे सोडते, पण करत नाही. एकदा उष्णतेने चिकटलं की परत निघत नाही. सेलोटेपही नको, तो पिवळा पडतो आणि अक्षरं घेऊन निघतो. हँडबिल, बिलं ३०० डीपीआयवर स्कॅन करा, तिकीट आणि लहान फोटो ६०० वर. मागची बाजूही स्कॅन करा, हिशेब मागेच लिहिलेला असतो. फाइलच्या नावात काय, कुणाकडून, कधी मिळालं ते टाका, नाहीतर सहा महिन्यांनी "इमेज ४७" कुणाची हे तुम्हालाच कळणार नाही. घड्या पडलेल्या पोस्टरवर इस्त्री फिरवू नका. जाड काचेखाली आठवडाभर दाबून ठेवा आणि सावलीत, समोरून सरळ फोटो घ्या.

इंटरव्हलला दाखवायच्या काचेच्या स्लाइड मिळाल्या तर नशीब समजा. कापड दुकान, दवाखाना, बियाणं, "लहान मुलगा सापडला आहे, गेटवर भेटावे". गावचा त्या काळचा बाजार एका खोक्यात असतो. कडेने धरा, ओल्या फडक्याने पुसू नका, हातानं लिहिलेली शाई लगेच जाते.

सरकारी कागद निघतात, वेळ लागतो. टॉकीजला परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा असायचा, त्यासोबत मंजूर नकाशा आणि आसनसंख्या. करमणूक कराचे कागदही जिल्हाधिकारी कार्यालयातच. हा कर १ जुलै २०१७ ला जीएसटीत विरला. माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करा, उत्तराची मुदत तीस दिवस. "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका. टॉकीजचं नाव, गाव, अंदाजे साल आणि "परवाना व मंजूर नकाशाची प्रत" एवढंच मागा. जागा नझूलची, म्हणजे गावातली सरकारी जमीन, असेल तर नझूलच्या नोंदीत भाडेपट्टा सापडतो. टॉकीज १९५६ च्या आधीची असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: तेव्हा आपला विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती, म्हणून जिल्ह्याला काही मिळालं नाही तर नागपूरच्या पुराभिलेखागारात विचारा.

जिथे पक्की टॉकीज नव्हतीच, तिथे यात्रेतल्या तंबूंचं विचारा. चांदूर बाजार तालुक्यातल्या बहिरमच्या यात्रेत महिनाभर टूरिंग टॉकीज आणि तमाशे असत; त्या भागातल्या म्हाताऱ्यांना रोडगे आणि पिक्चर एका दमात आठवतात.

खरं किती, ऐकीव किती

प्रत्येक गावात त्याच कथा मिळतील. नागाचा पिक्चर लागला तेव्हा टॉकीजमध्ये खरा नाग निघाला. देवीच्या पिक्चरला बायांनी चपला बाहेर काढल्या, पडद्यावर पैसे उधळले, नारळ फोडले. यातलं काही खरोखर घडलेलं आहे, काही शेजारच्या गावचं ऐकून आपलं झालेलं आहे. सांगणाऱ्याला खोटं पाडू नका. मी एक युक्ती वापरते: दुसऱ्या दिवशी सकाळी आवरलं कुणी, ते विचारते. पैसे उधळले असतील तर ते कुणीतरी वेचले असणार. आमच्याकडे झाडणाऱ्या मावशीला विचारलं तर ती पटकन म्हणाली, "चिल्लर होती, पाच पैशे, धा पैशे. नारळाचे तुकडे खुर्चीखाली. शेठनं अर्धे मंदिरात टाकाले सांगतले, अर्धे मले देल्ले." म्हणजे आमच्याकडे पैसे उधळले गेले होते. नागाचं विचारलं तर ती म्हणाली, "नाग? उंदरं होते उंदरं." वहीत दोन्ही आहे, पण नागाच्या कथेसमोर "ऐकीव" असं लिहिलंय. हा शब्द समासात वापरत चला.

टॉकीज बंद का पडली याचं एकच कारण लिहू नका. व्हिडिओ हॉल, टीव्ही, डिश, मोबाइल असं सगळे घडाघडा सांगतात. आमच्याकडे बाबांच्या मते खरा घाव रिळांच्या प्रिंट येणं थांबलं तेव्हा बसला. नवं डिजिटल मशीन घ्यायला जो खर्च होता तो पाचशे खुर्च्यांच्या, अर्ध्या रिकाम्या हॉलला झेपणारा नव्हता. मालकाच्या मुलाचं म्हणणं वेगळं, वीजबिलाचं. दोघांचंही समोरासमोरच्या पानांवर टाकलं.

वही लोकांपुढे ठेवताना

छापायची घाई नको. आधी टाइप करून तीन प्रती काढा: एक तुमच्याकडे, एक ज्यांनी जास्त दिलं त्या घरी, एक गावच्या वाचनालयात. पेनड्राइव्ह एकावर विसंबू नका, दुसरा गावाबाहेर राहणाऱ्या नातेवाइकाकडे द्या. एका संध्याकाळी ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांना एकत्र बसवा, चहा आणि आलूबोंडे ठेवा, आणि मोठ्याने वाचा. भांडणं होतील. तिकीट साठ पैसे की सत्तर, भोंगा लाल की निळा, पहिला पिक्चर मराठी की हिंदी. भांडण सुरू झालं की लगेच मोबाइल चालू करा, कारण एकट्याने आठवलं नव्हतं ते आता निघतं.

वाचनालयाच्या प्रतीला डावीकडे चार बोटं समास सोडा आणि पेन दोऱ्याने बांधा. लोक दुरुस्त्या करतात, नावं घालतात, एकाने तर आमच्या नकाशावर गोटी सोड्याची गाडी काढून दिली. पेन मात्र अधूनमधून नवा लावावा लागतो. दोरा तिथेच राहतो, पेन जातो.